स्वतःची एफ-ड्रॉइड रिपॉझिटरी: पहिल्या कमांडपासून रोजच्या देखभालीपर्यंत

मुक्त सॉफ्टवेअर अ‍ॅप्सची रिपॉझिटरी चालवायची म्हटलं की मोठा सर्व्हर, डेटाबेस, लॉगिनची यंत्रणा असा पसारा डोळ्यांसमोर येतो. त्यातलं काहीही लागत नाही. रिपॉझिटरी म्हणजे एक फोल्डर. त्यात एपीके फाइली, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवायच्या फाइली, असतात आणि त्या फाइलींची डिजिटल सही केलेली एक यादी असते. फोनवरचं क्लायंट अ‍ॅप ती यादी उतरवून घेतं, तिच्यावरची सही तपासतं, उतरवलेली एपीके यादीतल्या हॅशशी (फाइलीवरून काढलेल्या ठशाशी) ताडून पाहतं आणि मगच इन्स्टॉल करायला देतं. वेबसर्व्हर बिचारा नुसत्या फाइली पुढे सरकवतो. भरवसा ठेवायचा तो सहीवर. म्हणून या लेखात कमांडपेक्षा सही कोण करतं, कुठे करतं आणि कशावर करतं यावरच जास्त जागा खर्च केली आहे.

एफ-ड्रॉइड हा मुक्त अँड्रॉइड अ‍ॅप्स वाटणारा प्रकल्प २०१० साली सुरू झाला. त्याची रिपॉझिटरी चालवण्याची सगळी साधनं 'एफड्रॉइडसर्व्हर' या एका पॅकेजात मिळतात. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि एजीपीएल ३ परवान्याखाली आहे. नावात सर्व्हर असला तरी ते सर्व्हरवर सतत चालणारं काही नाही. तुमच्या लॅपटॉपवर हवं तेव्हा चालवायच्या कमांडचा तो संच आहे. हीच साधनं वापरून कोणीही आपली वेगळी रिपॉझिटरी काढू शकतं. गार्डियन प्रोजेक्ट, मायक्रोजी, न्यूपाइप, इझीऑनड्रॉइड यांच्या रिपॉझिटऱ्या याच साच्याच्या आहेत, आणि फोनवर एफ-ड्रॉइड, निओ स्टोअर, ड्रॉइडिफाय यांपैकी कोणतंही क्लायंट त्या वाचू शकतं.

एक खुलासा आधीच करतो. कमांड, फाइलींची नावं आणि सेटिंग्ज इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये कमांड रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टाइप करायच्या, आणि 'एफड्रॉइड' या कमांडमध्ये हायफन नसतो. कमांडचं नेमकं स्पेलिंग आठवलं नाही तर नुसतं 'एफड्रॉइड' टाइप करून एंटर दाबा. सगळ्या उपकमांडची यादी एका ओळीच्या वर्णनासह समोर येते.

आधी ठरवा: बांधणार की नुसतं वाटणार?

रिपॉझिटरी दोन प्रकारे चालते. पहिल्या प्रकारात अ‍ॅपच्या लेखकाने बांधलेली आणि त्याच्याच सहीची एपीके तुम्ही घेता, तपासता आणि आपल्या यादीत टाकता. दुसऱ्या प्रकारात स्रोत, म्हणजे अ‍ॅपचा मूळ कोड, आणून एपीके तुम्ही स्वतः बांधता. एफ-ड्रॉइडची मुख्य रिपॉझिटरी दुसऱ्या प्रकारची आहे. तिथे एपीके सहसा एफ-ड्रॉइडच्याच किल्लीने, म्हणजे सही करायच्या गुप्त फाइलीने, सही होते. लेखकाची सही तशीच ठेवायची तर बांधणी हुबेहूब जुळावी लागते.

नवख्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. स्रोतापासून बांधणं हे स्वतंत्र आणि वेळखाऊ काम आहे. प्रत्येक अ‍ॅपची ग्रेडल आवृत्ती वेगळी, जेडीके वेगळा, कुणाला एनडीके लागतो, कुणाला फ्लटर; ही सगळी एपीके बांधायची साधनं. रिपॉझिटरीचा मूळ सांगाडा कळण्याआधी त्यात शिरलं तर नेमकं अडलं कुठे हेच समजत नाही. तुम्ही स्वतःच अ‍ॅपचे लेखक असाल तर प्रश्नच नाही. एपीके तुमच्याकडे आहेच.

साधनं बसवणं

डेबियन किंवा उबुंटूवर 'एपीटी'मधून एफड्रॉइडसर्व्हर बसवा. मॅकवर होमब्रूमध्ये ते आहे. पायथनच्या 'पिप'नेही येतं, पण मग जेडीके आणि अँड्रॉइडचं 'एपीकेसाइनर' हे साधन वेगळं बसवावं लागतं. सह्या तपासायला आणि यादीवर सही करायला ते लागतंच. डेबियनच्या स्थिर आवृत्तीतलं पॅकेज बरेचदा जुनं असतं, तेव्हा बॅकपोर्ट्समध्ये (स्थिर आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांत) एकदा डोकावून बघा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत 'कॉन्फिग.पीवाय' ही फाइल आणि 'एफड्रॉइड सर्व्हर अपडेट' ही कमांड दिसली तर तो लेख बंद करा. आता कॉन्फिग फाइल यमल या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते आणि त्या कमांडची जागा 'एफड्रॉइड डिप्लॉय'ने घेतली आहे.

इनिट, आणि किल्लीची गोष्ट

एक रिकामं फोल्डर तयार करा. नाव 'एफड्रॉइड' ठेवा, पुढे पत्त्यात ते उपयोगी पडेल. आत जाऊन 'एफड्रॉइड इनिट' चालवा. काही क्षणांत तीन गोष्टी तयार होतात: 'रेपो' नावाचं उपफोल्डर, 'कॉन्फिग.वायएमएल' ही सेटिंगची फाइल आणि 'कीस्टोअर.पी१२' ही किल्लीची फाइल. किल्ली ४०९६ बिटची आरएसए असते. तिचा पासवर्ड साधन स्वतःच तयार करतं आणि कॉन्फिग फाइलीत लिहून ठेवतं.

पण इनिट चालवण्याआधी एक क्षण थांबा. किल्लीसोबत जे प्रमाणपत्र तयार होतं त्यात तुमच्या संगणकाचं नाव आपोआप घातलं जातं. ते प्रमाणपत्र यादीबरोबर जगजाहीर होतं आणि नंतर बदलता येत नाही. संगणकाचं नाव तुमच्या नावावरून ठेवलेलं असेल आणि ते बाहेर जायला नको असेल, तर इनिटला 'डॅश डी' हा पर्याय देऊन प्रमाणपत्रात हवं ते नाव घाला. किल्लीच्या उपनामासाठी 'रेपो-कीएलिअस' हा पर्याय आहे.

आता या किल्लीचं महत्त्व. लोक तुमची रिपॉझिटरी फोनमध्ये जोडतात तेव्हा क्लायंट या किल्लीचं फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारा छोटा ठसा) लक्षात ठेवतं. पुढे कधीही दुसऱ्या किल्लीने सही केलेली यादी आली की ते ती झिडकारतं. म्हणजे किल्ली हरवली तर रिपॉझिटरी संपली. पत्ता तोच असला, सर्व्हर तोच असला, तरी प्रत्येक वापरकर्त्याला जुनी नोंद काढून नवी जोडावी लागेल, आणि हे त्यांना कळवायला तुमच्या हातात रिपॉझिटरी उरलेली नसेल. किल्ली चोरीला गेली तर परिस्थिती आणखी वाईट. चोर तुमच्या नावाने हवी ती यादी सही करून वाटू शकतो. अँड्रॉइड आधीच बसवलेल्या अ‍ॅपवर वेगळ्या सहीचं अपडेट बसू देत नाही, त्यामुळे जुनी अ‍ॅप्स काहीशी वाचतात. पण तुमच्या यादीतून पहिल्यांदाच अ‍ॅप घेणाऱ्याला असं कोणतंही कवच नसतं.

तेव्हा अ‍ॅप्स जोडण्याच्या आधीच बॅकअप घ्या. कीस्टोअर आणि कॉन्फिग दोन्ही घ्या, कारण पासवर्डाविना कीस्टोअर निरुपयोगी आहे. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असावा आणि निदान दोन वेगळ्या ठिकाणी असावा. घेतलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून 'कीटूल'ने फिंगरप्रिंट बघा आणि मूळच्याशी ताडा. इतकं केल्याखेरीज त्याला बॅकअप म्हणू नका. कॉन्फिग फाइल फक्त तुम्हालाच वाचता यावी, म्हणजे तिची परवानगी ६०० असावी. तशी नसेल तर साधन स्वतःच कुरकुर करतं. ही फाइल गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) ठेवायची असेल तर पासवर्ड आत लिहू नका. पासवर्डाच्या जागी 'एनव्ही' लिहून पर्यावरण चलाचं (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं) नाव देता येतं, साधन तिथून पासवर्ड उचलतं.

कॉन्फिगमध्ये आणखी तीन गोष्टी भरा: 'रेपो_नेम', 'रेपो_डिस्क्रिप्शन' आणि 'रेपो_यूआरएल'. पत्त्याचा शेवट 'एफड्रॉइड', तिरकी रेघ, 'रेपो' असा असावा, असा संकेत आहे. तो पाळलात तर पुढे डिप्लॉय करताना तक्रारी येत नाहीत. जमल्यास पत्ता स्वतःच्या डोमेनवरचा घ्या. होस्टिंग बदललं तरी पत्ता बदलावा लागत नाही.

अ‍ॅप आत घेताना

एपीके 'रेपो' फोल्डरमध्ये टाकली की झालं, इतकं तांत्रिक काम सोपं आहे. निर्णय मात्र सोपा नसतो, आणि रिपॉझिटरी चांगली की वाईट हे इथेच ठरतं.

पहिलं बघायचं ते परवाना. स्रोत उघड दिसतो याचा अर्थ तो मुक्त आहे असा होत नाही. परवान्याची फाइल नसेल तर वाटण्याचा हक्कही नाही. जीपीएलखालची एपीके वाटताना त्याच आवृत्तीचा स्रोत लोकांना मिळाला पाहिजे, हीसुद्धा तुमची जबाबदारी होते.

दुसरं म्हणजे आत दडलेले घटक. 'एफड्रॉइड स्कॅनर' ही कमांड स्रोतात किंवा एपीकेत मुक्त नसलेल्या लायब्ररींची चिन्हं शोधते: गूगल प्ले सर्व्हिसेस, फायरबेस, क्रॅशलिटिक्स आणि त्यांची भावंडं. स्रोत तपासताना ती आधीच बांधून ठेवलेल्या जार आणि एसओ फाइलींवरही बोट ठेवते. बऱ्याच एपीकेंमध्ये सहीच्या भागात एक एन्क्रिप्ट केलेला अवलंबनांचा (वापरलेल्या लायब्ररींच्या यादीचा) तुकडा असतो. अँड्रॉइडची बांधणी-साधनं तो आपणहून घालतात आणि तो फक्त गूगलला वाचता येतो. स्कॅनर त्यावरही हरकत घेतो. लेखकाला ग्रेडलमधल्या 'डिपेंडन्सीजइन्फो' या भागात एक ओळ बदलायला सांगितली की तो जातो. अशी विनंती सौम्य शब्दांत करा. बहुतेकांना हा तुकडा आपल्या अ‍ॅपमध्ये आहे याची कल्पनाही नसते.

तिसरं, सही. ही एपीके खरोखर त्याच लेखकाची आहे कशावरून? 'एपीकेसाइनर'ने प्रमाणपत्राचं एसएचए-२५६ फिंगरप्रिंट काढा आणि लेखकाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या फिंगरप्रिंटशी जुळवा. जुळलं की ते अ‍ॅपच्या मेटाडेटात 'अलाउडएपीकेसाइनिंगकीज' या रकान्यात लिहून टाका. मग पुढच्या वेळी भलत्याच सहीची फाइल फोल्डरमध्ये आली तर साधन ती यादीत घेत नाही. नवखे हा रकाना रिकामा सोडतात. माझ्या मते सगळ्यात आधी भरायचा रकाना हाच.

आणि चौथं, खटकणाऱ्या बाबी. अ‍ॅप मुक्त आहे, पण जाहिराती दाखवतं, मागोवा घेतं किंवा मुक्त नसलेल्या एखाद्या सेवेविना चालतच नाही. अशांसाठी 'अँटीफीचर्स' हा रकाना आहे. त्यात 'अ‍ॅड्स', 'ट्रॅकिंग', 'नॉनफ्रीनेट', 'नॉनफ्रीडेप', 'नोनव्हल्न' असे ठरलेले शब्द लिहायचे. क्लायंट हे इशारे वापरकर्त्याला दाखवतं. अ‍ॅप आवडतं म्हणून इशारा लपवू नका.

मेटाडेटा

आता 'एफड्रॉइड अपडेट डॅश सी' चालवा. प्रत्येक नव्या अ‍ॅपसाठी 'मेटाडेटा' फोल्डरमध्ये पॅकेजच्या नावाची एक यमल फाइल तयार होते. ही फाइल नसेल तर ते अ‍ॅप यादीत येत नाही, साधन नुसता इशारा देऊन पुढे जातं. 'एपीके टाकली पण दिसत नाही' या तक्रारीचं नेहमीचं कारण हेच.

तयार झालेली फाइल अर्धवट असते. वर्गाच्या जागी तुमच्या फोल्डरचंच नाव आलेलं असतं, ते बदला. परवाना एसपीडीएक्स पद्धतीने (ठरलेल्या संक्षिप्त नावाने) लिहा, स्रोताचा आणि तक्रारी नोंदवायच्या जागेचा पत्ता द्या. 'करंटव्हर्जनकोड'मध्ये २१४७४८३६४७ असा अगडबंब आकडा दिसेल. तो चुकून आलेला नाही. या रकान्यातल्या आकड्यापर्यंतची आवृत्ती क्लायंट 'सुचवलेली' मानतं, म्हणून एवढा मोठा आकडा घातला की नवीन येईल ती आवृत्ती आपोआप सुचवली जाते. तिथे तुम्ही हाताने आजचा क्रमांक लिहिलात आणि पुढच्या वेळी बदलायला विसरलात, तर नवी आवृत्ती यादीत असूनही लोकांना अपडेट मिळणार नाही. क्लायंट तिला चाचणीची आवृत्ती समजून बाजूला ठेवतं.

वर्णन यमलमध्ये लिहिता येतं, पण फास्टलेन या अ‍ॅप-प्रकाशनाच्या साधनाची रचना अधिक सोयीची आहे. भाषेच्या नावाचं फोल्डर, त्यात थोडक्यात वर्णन, सविस्तर वर्णन, बदलांची नोंद आणि स्क्रीनशॉट. थोडक्यात वर्णन ८० अक्षरांत बसवायचं, सविस्तर ४००० अक्षरांपर्यंत, आणि बदलांच्या नोंदीची फाइल आवृत्ती-क्रमांकाच्या नावाने ठेवायची. लेखकाने स्वतःच्या स्रोतात ही रचना ठेवली असेल तर तुमचं कष्टाचं काम वाचतं.

लिहून झालं की 'एफड्रॉइड लिंट' चालवा. ते परवान्याच्या नावापासून वर्णनाच्या लांबीपर्यंत चुका दाखवतं. 'एफड्रॉइड रीराइटमेटा' यमल ठरलेल्या क्रमात मांडून देतं. दोघंतिघं मिळून काम करत असाल तर हे नेमाने चालवा, नाहीतर गिटमध्ये विनाकारण फरक दिसत राहतात.

यादी तयार करणं

पुन्हा 'एफड्रॉइड अपडेट', या वेळी 'डॅश सी' न लावता. ही कमांड प्रत्येक एपीके उघडते, तिच्यातून नाव, आवृत्ती, परवानग्या आणि चित्रं काढते, मेटाडेटाशी जोडते आणि यादी लिहून सही करते. 'रेपो' फोल्डरमध्ये एकाऐवजी अनेक यादी-फाइली दिसतील. 'इंडेक्स-व्ही१.जार' जुन्या क्लायंटसाठी आहे. नवी पद्धत दोन टप्प्यांची आहे: 'एंट्री.जार' ही छोटी, सही केलेली फाइल, आणि तिच्यात ज्याचा हॅश लिहिला आहे ती 'इंडेक्स-व्ही२.जेसन' ही मोठी यादी. शिवाय 'डिफ' फोल्डरमध्ये मागच्या यादीपासूनचे फरक असतात, म्हणजे फोनला दर वेळी अख्खी यादी उतरवावी लागत नाही. यातली एकही फाइल हाताने बदलू नका. सही तुटते.

एपीकेची नावं 'अ‍ॅप-रिलीज' अशी सरसकट असतील तर 'रीनेम-एपीकेज' हा पर्याय द्या. पॅकेज आणि आवृत्ती-क्रमांक मिळून नाव तयार होतं. किती जुन्या आवृत्त्या ठेवायच्या हे 'आर्काइव्ह_ओल्डर' ठरवतं. तिथे ३ लिहिलं तर प्रत्येक अ‍ॅपच्या तीन आवृत्त्या मुख्य यादीत राहतात आणि बाकीच्या 'आर्काइव्ह' या वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या यादीसह जातात. नवी आवृत्ती बिघडली तर मागे जायला लोकांना जुनी हवी असते, त्यामुळे एकच आवृत्ती ठेवण्याची कंजूषी करू नये.

सर्व्हरवर चढवणं

स्थिर फाइली देऊ शकेल असा कोणताही वेबसर्व्हर चालतो. एनजिनएक्स, अपाचे, ऑब्जेक्ट स्टोरेज, काहीही. एचटीटीपीएस मात्र लावा. कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरवेबरूट' या रकान्यात एसएसएचचा (सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायचा) पत्ता लिहा, त्याचाही शेवट 'एफड्रॉइड'ने करा, आणि 'एफड्रॉइड डिप्लॉय' चालवा. ही कमांड आतून आरसिंक हे फाइली पाठवायचं साधन वापरते. नुसतं आरसिंक स्वतः चालवण्यापेक्षा हीच बरी, कारण ती आधी एपीके चढवते आणि यादी शेवटी. उलटं झालं तर मधल्या काळात यादीत नाव असलेली फाइल सर्व्हरवर नसते आणि लोकांना त्रुटी दिसते.

सर्व्हरवर किल्ली ठेवायचं काहीच कारण नाही. अपडेट तुमच्या संगणकावर करा, वर फक्त 'रेपो' आणि 'आर्काइव्ह' जाऊ द्या. 'क्रॉन'मध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) टाकून सगळं सर्व्हरवरच आपोआप चालवावं असा मोह होतो. पण मग सर्व्हर फुटला की किल्लीही गेली.

वापरकर्ते वाढले की आणखी एक पाऊल पुढे जा. सही इंटरनेटला कधीच न जोडलेल्या संगणकावर करा. त्यासाठी 'लोकल_कॉपी_डिर' हे सेटिंग आहे. जोड नसलेल्या संगणकावर डिप्लॉय केलं की फाइली पेनड्राइव्हवर उतरतात. जोड असलेल्या संगणकाच्या कॉन्फिगमध्ये 'सिंक_फ्रॉम_लोकल_कॉपी_डिर' चालू ठेवलं की तिथला डिप्लॉय त्या पेनड्राइव्हवरून उचलून सर्व्हरवर चढवतो. या व्यवस्थेत जोड नसलेल्या संगणकाचं घड्याळ बरोबर आहे ना, हे दर वेळी बघा. यादीत तयार झाल्याची वेळ लिहिलेली असते आणि क्लायंट आपल्याजवळच्या यादीपेक्षा जुनी यादी स्वीकारत नाही. घड्याळ चुकून पुढे धावलं आणि तशी यादी प्रसिद्ध झाली, तर ती वेळ उलटेपर्यंत नंतरच्या अचूक याद्या फोन नाकारत राहतील.

दुसरीकडे कुठे आरसा-सर्व्हर, म्हणजे त्याच फाइलींची प्रत देणारा सर्व्हर, उभा केला तर त्याचा पत्ता कॉन्फिगच्या 'मिरर्स' यादीत घाला. तो यादीतून क्लायंटपर्यंत पोचतो आणि मुख्य सर्व्हर बंद असला तरी अपडेट चालू राहतात. आरसा दुसऱ्या कुणाचा असला तरी चालतं. सही तुमचीच असल्यामुळे त्याला यादीत फेरफार करता येत नाही.

फोनमध्ये जोडणं

नव्या आवृत्तीची साधनं 'रेपो' फोल्डरमध्ये एक साधं वेबपान आणि क्यूआर कोडही तयार करतात. क्यूआरमधल्या पत्त्याला फिंगरप्रिंट जोडलेलं असतं. लोकांना नेहमी हाच पूर्ण पत्ता द्या. नुसता पत्ता दिला तर पहिल्या वेळी जी किल्ली समोर येईल ती क्लायंट खरी मानतं, आणि नेमक्या त्याच वेळी कुणी मध्ये बसलं असेल तर फसवणूक कळत नाही. फिंगरप्रिंट ६४ अक्षरांचं असतं. ते रिपॉझिटरीच्या सर्व्हरखेरीज आणखी एखाद्या ठिकाणीही प्रसिद्ध करा, म्हणजे शंका असलेल्याला ताडून पाहता येईल.

जाहीर करण्याआधी एका फोनवर स्वतः सगळा फेरा मारा. रिपॉझिटरी जोडा, अ‍ॅप बसवा, मग पुढची आवृत्ती प्रसिद्ध करून अपडेट येतं का बघा. फक्त पहिलं इन्स्टॉल तपासून थांबू नका. बहुतेक बिघाड अपडेटच्या वेळी उघडे पडतात.

स्रोतापासून बांधायचं ठरवलंत तर

यमलच्या 'बिल्ड्स' भागात प्रत्येक आवृत्तीची कृती लिहावी लागते: आवृत्तीचं नाव आणि क्रमांक, गिटमधला नेमका कमिट (स्रोताची नोंदलेली एक अवस्था), उपफोल्डर, ग्रेडल वापरायचं की नाही, बांधणीआधी काय बदलायचं, काय पुसायचं. कमिटच्या जागी शाखेचं नाव लिहू नका. शाखा पुढे सरकते आणि तुम्ही काय बांधलं ते उद्या सांगता येत नाही. 'एफड्रॉइड बिल्ड' ही कृती वाचून एपीके 'अनसाइन्ड' फोल्डरमध्ये ठेवतं, 'एफड्रॉइड पब्लिश' तिच्यावर सही करून ती 'रेपो'त आणतं. 'एफड्रॉइड चेकअपडेट्स' लेखकाच्या नव्या टॅगवर लक्ष ठेवून नवी आवृत्ती आल्याचं सांगतं.

परक्याचा बांधणी-कोड म्हणजे तुमच्या संगणकावर चालणारा परक्याचा प्रोग्रॅम. ग्रेडलच्या स्क्रिप्टला तुमच्या होम फोल्डरमधलं सगळं वाचता येतं, कीस्टोअरसकट. म्हणून बांधणी आभासी यंत्रात किंवा निदान कंटेनरमध्ये करा आणि सही वेगळ्या जागी.

तुमची बांधणी आणि लेखकाची एपीके हुबेहूब निघाली तर सोन्याहून पिवळं. मेटाडेटात 'बायनरीज' या रकान्यात लेखकाच्या एपीकेचा पत्ता द्यायचा. साधन दोन्ही ताडून पाहतं आणि जुळल्यास लेखकाचीच सही ठेवतं. वापरकर्त्याला लेखकाच्या एपीकेवरून तुमच्या एपीकेवर येताना अ‍ॅप काढून परत बसवावं लागत नाही. जुळत नसेल तर 'डिफोस्कोप' हे फाइली ताडायचं साधन फरक दाखवतं. संशयितांची यादी सहसा ठरलेली असते: जेडीकेची वेगळी आवृत्ती, फाइलीत शिरलेली बांधणीची वेळ, फोल्डरचा संपूर्ण मार्ग, झिपमधला फाइलींचा क्रम, पीएनजी चित्रांचं पुन्हा दाबलं जाणं. नव्या अँड्रॉइड साधनांनी एपीकेत गिटची माहिती घालायची सवय लावली आहे, तीही बंद करावी लागते.

फक्त चाचणीकर्त्यांसाठी रोजची बांधणी हवी असेल तर एवढं काहीच करू नका. 'एफड्रॉइड नाइटली' ही कमांड सीआयमध्ये (आपोआप बांधणी करणाऱ्या यंत्रणेत) बसवली की ती डीबग बांधणीची छोटी रिपॉझिटरी वेगळ्या गिटमध्ये ठेवते. या छोट्या रिपॉझिटरीची किल्ली सीआयच्या गुप्त चलात असते, म्हणून ती मुख्य रिपॉझिटरीची कधीच असू नये.

अडलं की बघायच्या जागा

कोणत्याही कमांडला 'डॅश व्ही' लावा, म्हणजे ती आत काय करते ते सविस्तर दिसतं. काही त्रुटी वारंवार भेटतात.

अपडेट करताना दोन फाइलींची आवृत्ती एकच असल्याची तक्रार आली तर लेखकाने आवृत्ती-क्रमांक न वाढवता नवी एपीके काढलेली असते. दोन्हींतली एक काढा आणि लेखकाला कळवा. आवृत्तीचं नाव अँड्रॉइड बघत नाही, क्रमांक बघतं.

मेटाडेटा बदलला, पण यादीत जुनीच माहिती किंवा जुनंच चित्र दिसतं. मग 'क्लीन' पर्यायासह अपडेट चालवा. साधन एपीकेंची माहिती साठवून ठेवतं, ती या पर्यायाने नव्याने वाचली जाते.

फोनवर 'अ‍ॅप बसवता आलं नाही' असं येतं आणि यादी मात्र ठीक असते. फोनमध्ये आधीच त्याच अ‍ॅपची दुसरीकडून आणलेली, वेगळ्या सहीची प्रत आहे का ते विचारा. असेल तर जुनी काढल्याखेरीज मार्ग नाही, आणि ती काढली की तिच्यातला डेटाही जातो. म्हणून आधी डेटा निर्यात करायला सांगा.

सर्व्हरवर सगळं बरोबर आहे, तरी काही जणांना हॅश जुळत नसल्याची त्रुटी येते. सर्व्हरपुढे सीडीएन किंवा कॅशे (फाइलींच्या प्रती साठवून त्या वाटणारी यंत्रणा) असेल तर संशय तिथेच घ्या. 'एंट्री.जार' ताजी पोचते आणि 'इंडेक्स-व्ही२.जेसन' कॅशेतून शिळी येते, किंवा उलट. यादीच्या फाइलींसाठी कॅशेची मुदत अगदी कमी ठेवा. एपीके मात्र खुशाल दीर्घकाळ कॅशे होऊ द्या. एकदा प्रसिद्ध केलेली एपीके त्याच नावाने पुन्हा बदलायची नसतेच.